लटक्या गावातलं दोन खिडक्यांचं घर

६ फेब्रुवारी

धाकटे,

पुस्तक पोचलं. कागद चांगला आहे. मुखपृष्ठावरच्या चित्राला चौकट मात्र नको तेवढी जाड घातली आहे. माझ्या दुकानात असं काम झालं असतं तर गिऱ्हाईकाने फ्रेम काउंटरवर आपटली असती.

आता मुद्द्याचं. अर्पणपत्रिका वाचली आणि तिथेच माझं डोकं सणकलं. ‘आत्यास, जी तिथे होती.’ कुठे होती? मग दुकानाला कुलूप घातलं आणि दोन दिवसांत सगळी कादंबरी वाचून काढली. युद्धात शहरात दिवेबंदी होती, हे शाळेत शिकलो होतो. पण शहराबाहेरच्या माळावर लाकडी चौकटींचं एक लटकं गाव उभारलं होतं, विमानांनी फसून बॉम्ब खऱ्या शहराऐवजी तिथे टाकावेत म्हणून पोरी रोज अंधार पडला की तिथे दिवे लावायच्या, हे मला आज, केस पिकल्यावर, तुझ्या गोष्टीतून कळतं. आणि त्या पोरींमध्ये आपली आत्या होती, हे तर अर्पणपत्रिकेतून.

आई गेल्यावर जिने आपल्याला वाढवलं, जी नव्वदीला टेकली आहे आणि दुकानावरच्या खोलीत माझ्याजवळ राहते, जिचे केस मी रोज विंचरते, तिने मला यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. कधी, तेही मी ओळखलंय. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी ती महिनाभर तुझ्याकडे होती ना, तेव्हाच. मी इथे पाय वर करून पडले होते आणि तुम्ही दोघी तिथे गुजगोष्टी करत होतात.

समोरच्या शिंप्याने काल विचारलं, “लेखिकाबाईंच्या भगिनी का तुम्ही?” इतकी वर्षं तो मला फ्रेमवाली म्हणून ओळखतो. मी हो म्हटलं आणि त्याच्या लेकीच्या फोटोची काच कापता कापता तडकवली.

पोटात दुखतंय का, असं तू विचारशील. दुखतंय.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रागावले, आणि आता शहाण्या माणसासारखं उत्तर लिहायला बसले आहे.

आत्याने मला काहीही सांगितलेलं नाही. तू नेहमी गळ्याची शपथ घेतेस, तशी मी घेते. नगरपालिकेच्या एका जुन्या अहवालात मला त्या लटक्या गावाबद्दल एक ओळ सापडली. एकच. माळाचं नाव वाचलं आणि आठवलं, आत्या लहानपणी त्याच बाजूला राहायची, तिचं वयही जुळत होतं. ती माझ्याकडे होती तेव्हा मी एकदाच विचारलं, “तू होतीस का गं तिथे?” ती म्हणाली, “होते.” आणि कूस बदलून झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विषय काढला, तर मूग गिळून बसली. त्या एका ‘होते’वर मी पाच वर्षं घालवली. बाकी सगळं, ती पोरगी, तो अभियंता, त्यांचं प्रेम, सगळं माझ्या डोक्यातून आलंय.

आणि पोटात दुखायचंच असेल तर माझ्या दुखायला हवं. ती तुझ्याकडे राहते. तिला खोकला आला तर तुला आधी कळतं. माझ्या वाट्याला एक ‘होते’ आलं, त्याचं मी पुस्तक केलं, आणि तुला तेवढंही बघवत नाही.

तिने वाचलं का? तिला आता अक्षरं दिसत नाहीत हे मला माहीत आहे. वाचून दाखव ना. काय म्हणते ते कळव. मी इथे निकालाची वाट बघावी तशी बघते आहे.

तुझी धाकटी


२ मार्च

धाकटे,

दुपारी दुकान बंद करून वर जाते आणि वाचून दाखवते. माझा आवाज आणि तुझी वाक्यं. तुझी वाक्यं फार लांब असतात, मध्येच दम लागतो.

पहिले काही दिवस ती नुसती ऐकत होती. मग तुझ्या नायिकेला साहेबाने दोन खिडक्यांचं घर नेमून दिलं तो भाग आला. घर म्हणजे काय, तर चौकटीत एक दार, बाजूला दोन खिडक्या, मागे कंदील. आत्या ताडकन उठून बसली. म्हणाली, “ह्या बाईला ते आयतं कसं मिळालं?” मी म्हटलं, अगं ती गोष्टीतली आहे. “गोष्टीतली असली म्हणून काय झालं? कोण लागून गेली ही?” दिवसभर धुसफुसत होती. जेवताना मला म्हणाली, तुझी ती नायिका खोटारडी आहे आणि तिला कामाचा कंटाळा आहे.

म्हणजे बघ, आपल्या आत्याला कागदावरच्या पोरीचा हेवा वाटतो. घराण्यातच आहे म्हणायचं.

त्यानंतर ती बोलायला लागली आहे. रोज थोडं बोलते. तू जे लिहिलंस त्यातलं काय बरोबर, काय चूक, आणि जे तुला सुचलंसुद्धा नाही तेही. ते काय, हे मात्र मी तुला सांगणार नाही. तुझ्याकडे पुस्तक आहे, अर्पणपत्रिका आहे, शिंपी आहे. माझ्याकडे एवढं असू दे. लहान मुलीसारखी वागते म्हण, काय वाटेल ते म्हण.

तिची तब्येत ठीक आहे.

ताई


९ मार्च

ताई,

लहान मुलीसारखीच वागते आहेस, म्हटलं.

ते दोन खिडक्यांचं घर मी बनवलेलं नाही. एका जुन्या आराखड्यात दोन प्रकारच्या चौकटी काढल्या होत्या, एक नुसत्या दाराची आणि एक दोन खिडक्यांची. मोठी चौकट नायिकेला दिली, बस. त्यात आत्याला एवढं झोंबण्यासारखं काय होतं? हे तू मला सांगायला हवंस. मी हात जोडते.

आणि हे नुसतं माझ्या हौसेसाठी नाही. पुस्तक वाचून त्या शहरातल्या काही लोकांनी समिती केली आहे. माळावर आता वसाहत आहे, तिच्या बागेत एक दगड बसवणार आहेत आणि दिवे लावणाऱ्या मुलींची नावं त्यावर कोरणार आहेत. पण कागदोपत्री एकीचंही नाव नाही. कामच गुप्त होतं, आणि युद्ध संपल्यावर त्या मुलींना कुणी विचारलं नाही. प्रत्यक्ष तिथे काम केलेली एखादी तरी सांगणारी हवी. समितीने पुष्कळ शोधलं. आपली आत्या एकटीच उरली आहे. एप्रिलअखेरपर्यंत तिचं सांगणं लिहून पोचलं नाही, तर दगडावर ‘अज्ञात स्त्रिया’ असं कोरून मोकळे होतील. आत्याला अज्ञात म्हणवून घ्यायचं का, ते तू ठरव, कारण किल्ली तू कनवटीला लावून बसली आहेस.

मला तुझा किती राग येतो आहे हे तुला कळणार नाही. मी पाच वर्षं धुळीत बसून जिचा माग काढला, ती माझंच पुस्तक ऐकून तुझ्याशी बोलते. माझी वाक्यं लांब आहेत म्हणे. त्याच वाक्यांनी तिचं तोंड उघडलं ना?

मी पुढच्या रविवारी येते.

धाकटी


१७ मार्च

धाकटे,

रविवारी येऊ नकोस. आत्याला सर्दी झाली आहे, बोलवत नाही. दुकानातही लग्नाच्या फोटोंची कामं आहेत, मला तुझं बघायला वेळ होणार नाही.

दगडाचं लक्षात आहे.

ताई


५ एप्रिल

ताई,

मी येऊन गेले, हे तुला एव्हाना कळलं असेल. न कळवता आले. तू मोठी फ्रेम पोचवायला गेली होतीस, दुकानाला कुलूप होतं, म्हणून मागच्या जिन्याने वर गेले. आत्याला सर्दी नव्हती. खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. मला बघून इतकी खूश झाली की मीच ओशाळले.

मी म्हटलं, “आत्या, लटक्या गावाचं सांग ना.” तर ती म्हणाली, “आता काय सांगू? तुला सगळं लिहून झालंय की.”

मला वाटलं, तिचं डोकं चालत नाहीसं झालं. पण ती पुढे म्हणाली, “तुझी पत्रं फार छान येतात. त्या पुस्तकापेक्षा कितीतरी छान. पुस्तकात तू फार मिरवतेस. पत्रांत कशी नीट विचारतेस, दार कुठल्या रंगाचं होतं, पायात काय घालायचीस, भीती कुठे वाटायची, पोटात का छातीत.” हे मी कधी विचारलं, ताई? मी तिला एकही पत्र लिहिलेलं नाही. मी तुला लिहिते, आणि तू तिला काय वाचून दाखवतेस देव जाणे.

मी तुझं बिंग फोडलं नाही. ‘हो, मी विचारलं होतं खरं’ असंही म्हणाले. आणि तिथे बसल्या बसल्या मला तुझा असा जळजळीत हेवा वाटला की हातातली शेंग चुरगळली. लिहिण्याचा धंदा माझा आहे. लोक मला हार घालतात. आणि माझ्या आत्याला आवडलेली माझी एकमेव गोष्ट तू लिहिली आहेस.

मग मी तिला विचारलं, “ताईला का नाही सांगितलंस इतकी वर्षं? ती तर उशाशी होती.” ती काय म्हणाली ते तुला सांगू नये असं मला फार वाटलं. येताना सगळा प्रवास मी तोच विचार करत होते. तू माझ्याशी जशी वागलीस तसंच वागावं, फिट्टंफाट होईल. पण राहवत नाही, म्हणून सांगते. ती म्हणाली, “थोरलीच्या तोंडाकडे बघून मला ते सांगवत नाही. ती मला फार चांगली समजते. तुला लिहायचं म्हटलं की तिची मान कागदात असते, मग जमतं.”

कळलं का, ताई? तिने सगळं तुलाच सांगितलं. मी नुसता आडोसा होते.

आता माझ्या हातात काही नाही. ती मला पुन्हा सांगणार नाही, तिच्या लेखी सांगून झालं. दगडाची मुदत या महिनाअखेर. तुला वाटलं तर लिही, नाही वाटलं तर राहू दे. मी यापुढे मागणार नाही.

धाकटी


११ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं, मग वर गेले, मग पुन्हा खाली आले. शेवटी एका गिऱ्हाईकाला उद्या या म्हणून घालवलं आणि लिहायला बसले आहे.

आधी माझे प्रताप ऐक. आत्या बोलायला लागली, ते माझ्याशी बोलते असं मला वाटलं, आणि मी हवेत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, “हे सगळं धाकटीला कळवलंस ना? काय म्हणाली?” माझा फुगा तिथेच फुटला. मी दातओठ खात म्हटलं, कळवलं. दुसऱ्या दिवशी परत, “आलं का तिचं उत्तर?” मग काचवाल्याचं पत्रक हातात धरलं आणि तुझं म्हणून वाचायला लागले. मला जे विचारायचं होतं ते तुझ्या नावाने विचारलं. मी माझ्या नावाने विचारलं की ती म्हणायची, “तुला काय करायचंय? जेव आधी.” तू विचारलंस म्हटलं की खुलायची. उत्तर ती सांगायची आणि मी मान खाली घालून कागदावर रेघोट्या ओढायची.

हळूहळू ते तुझं सोंग मला जमायला लागलं. त्या पत्रांतली तू फार गोड होतीस, खऱ्या तुझ्यापेक्षा पुष्कळच. तिची चौकशी करायचीस, तिचे पाय दुखतात का विचारायचीस. आत्या म्हणायची, “धाकटीला किती माया आहे.” आणि मी तिथेच बसलेली. तिच्या पायांना तेल लावत असायची. मीच बनवलेल्या पोरीचा मला हेवा वाटायचा, सांग आता काय करायचं माझं. म्हणून तुला येऊ नकोस म्हटलं. खरी तू आलीस तर दोघींतली एक उघडी पडली असती.

आता ऐक. मी तिच्या शब्दांत सांगते आहे, माझं काही घालत नाही.

खरं नाव सांगायचं नाही असा तिथला दंडक होता. आत्या होती ‘काठी’, कारण ती तेव्हा हाडकुळी होती. तिला नुसतं दार मिळालं होतं. हिरवं दार, मागे खुंटीला कंदील, आणि भिंत कुठेच नाही. काम काय, तर दार अधूनमधून उघडायचं आणि लोटायचं. दिवेबंदीतही एखादं निष्काळजी घर असतं, कुणीतरी बाहेर येतं, उजेड सांडतो, तसं वरून दिसायला हवं. फार उजेड केला तर विमानवाले फसत नाहीत. तेव्हा विसरभोळ्या बाईसारखं वागायचं, पण विसरायचं काहीच नाही. विमानांचा आवाज आला की अजून थोडा वेळ दार हलवत राहायचं आणि मग खंदकात पळायचं.

शेजारचं दोन खिडक्यांचं घर ‘शिट्टी’चं होतं. ती सारखी शीळ घालायची म्हणून शिट्टी. तिच्या एका खिडकीला पडदाही होता. आत्या म्हणते, “मला त्या खिडक्यांनी झोप येईना. नुसत्या चौकटी होत्या गं, मागे चिखल. पण मला वाटायचं, हिला दोन आणि मला एकही नाही.” ती आपल्या दारापुढचा माळ झाडायची, शिट्टीच्या अंगणापेक्षा आपलं स्वच्छ दिसावं म्हणून. शिट्टी हसायची. एकदा म्हणाली, काठे, एक खिडकी तू घे, मी साहेबाला सांगते. आत्या म्हणाली, मला कुणाची भीक नको.

मग एका रात्री वारा होता. विमानं आली, सगळ्या खंदकात उतरल्या. शिट्टीने मान वर काढून बघितलं आणि म्हणाली, “माझी एक खिडकी विझली.” आणि तिथला कंदील लावायला गेली. कुणी थांबवायच्या आत गेली. बॉम्ब तिथेच पडला. विमानं फसली, खऱ्या शहरात त्या रात्री कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

चौकट दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी केली. साहेब आत्याला म्हणाला, आजपासून हे घर तुझं. आणि आता आत्याचं वाक्य जसंच्या तसं: “मी कंदील लावले, पडदा सारखा केला, आणि मला आनंद झाला. एवढासाच झाला, पण झाला. मग मी खूप रडले, पण तो आधी झाला होता.”

म्हणून ती आजवर कुणाशी बोलली नाही. म्हणून तुझी नायिका तिला सहन होईना. त्या बाईने कुणाच्या मरणाशिवाय ते घर मिळवलं होतं.

हे ऐकताना माझी मान खाली होती आणि हातात पेन्सिल होती. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर ती थांबली असती, एवढं मला कसं कोण जाणे कळलं होतं. का थांबली असती ते मात्र तुझ्या पत्रातून कळलं. तू ते लपवू शकली असतीस. मी तुझ्या जागी असते तर लपवलं असतं.

समितीला सगळं कळव. त्या आनंदाचं सोडून. ते आपल्या दोघींपाशी राहू दे. दगडावर पहिलं नाव ‘शिट्टी’ असं कोरायला सांग. खरं नाव आत्याला कधी कळलंच नाही. टोपणनाव चालत नाही म्हणाले तर मला त्यांचा पत्ता दे, मी बघते. आत्याचं नाव खाली, बारीक अक्षरात, असं ती म्हणते. ते मात्र बारीक करू नका. बाकीच्या मुलींची टोपणनावं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत, जेवढी तिला आठवली तेवढी.

आणखी एक. आत्या रोज विचारते, धाकटीचं पत्र आलं का. माझ्याकडचं सोंग संपलं आहे, आता मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. तेव्हा तूच तिला लिही. मी वाचून दाखवीन, एकही शब्द न बदलता, लांब वाक्यांसकट. ते तिला माझ्या पत्रांइतकं आवडलं नाही, तर मला फार बरं वाटेल. आवडलं तर वाईट वाटेल, आणि ती ‘पुन्हा वाच’ म्हणाली तर पुन्हा वाचीन.

ताई